स्पॅनिशमधले 'लो', 'ला', 'ले': सुरुवात मराठीच्या विभक्तीपासून

शाळेत पाठ केलेला विभक्तीचा तक्ता आठवा. द्वितीया: स, ला, ते, स, ला, ना, ते. चतुर्थी: पुन्हा स, ला, ते, स, ला, ना, ते. विभक्ती दोन, प्रत्यय तेच. स्पॅनिशमधली कर्माची सर्वनामं मराठी माणसाला अडवतात ती नेमकी या जागी. 'मी तिला पाहिलं' आणि 'मी तिला पुस्तक दिलं' या दोन्ही वाक्यांत आपण 'तिला' असंच म्हणतो. स्पॅनिश माणूस पहिल्या वाक्यासाठी 'ला बी' म्हणतो आणि दुसऱ्यासाठी 'ले दी उन लिब्रो'. पहिल्यात 'ला', दुसऱ्यात 'ले'. जो भेद आपल्या प्रत्ययांत दिसत नाही, तो तिथे प्रत्येक वाक्यात करावा लागतो.

ही एक अडचण सोडली तर या विषयात मराठी आपल्याला भरपूर मदत करते. क्रियापदाआधी कर्म ठेवायची सवय, 'मला आवडतं' ही रचना, सजीव कर्माला वेगळा प्रत्यय लावणं, हे सगळं आपल्याकडे जन्मापासून आहे. बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजीच्या आधाराने शिकतात आणि हा फायदा वाया घालवतात. म्हणून पहिली विनंती: खालच्या सगळ्या पायऱ्यांवर मनातल्या मनात मराठीतूनच वाक्य करा.

स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे, लॅटिन अमेरिकी वळणाने देवनागरीत दिले आहेत. म्हणजे 'व्ही' अक्षराचा उच्चार 'ब', 'जे' अक्षराचा 'ह', जोड 'एल'चा 'य', आणि 'एच' मुका.

पायरी 1: जिथे निवड करावी लागत नाही ती सर्वनामं

'मे' म्हणजे मला, 'ते' म्हणजे तुला, 'नोस' म्हणजे आम्हाला किंवा आपल्याला. या तिघांना प्रत्यक्ष कर्म ('तिला पाहिलं' मधली ती) आणि अप्रत्यक्ष कर्म ('तिला पुस्तक दिलं' मधली ती) असा भेद नाही. 'मे बे' म्हणजे तो मला बघतो, 'मे दा उन लिब्रो' म्हणजे तो मला एक पुस्तक देतो. दोन्हीकडे 'मे'. स्पेनमध्ये मित्रमंडळींना उद्देशून 'तुम्हाला' म्हणताना 'ओस' वापरतात, त्यालाही हा भेद नाही. लॅटिन अमेरिकेत 'ओस' रोजच्या बोलण्यात नाही, तेव्हा नवशिक्याने तो फक्त ओळखता येईल इतपत शिकावा.

पहिले दोन-तीन दिवस फक्त 'मे, ते, नोस' घेऊन वाक्यं करा, म्हणजे सर्वनाम क्रियापदाच्या आधी येतं ही गोष्ट जिभेवर बसेल. 'ते बेओ' हे 'तुला बघतो' याच क्रमाने येतं. 'नोस यामान' म्हणजे 'आम्हाला बोलावतात', तोही आपलाच क्रम. नकार हवा असेल तर 'नो' सगळ्यांच्या आधी: 'नो ते बेओ'. सर्वनाम आणि क्रियापद यांच्या मध्ये काहीही शिरत नाही, 'नो'सुद्धा नाही.

पायरी 2: 'लो' आणि 'ला', म्हणजे प्रत्यक्ष कर्म

आता तृतीय पुरुष. प्रत्यक्ष कर्मासाठी चार रूपं आहेत: पुल्लिंगी एकवचनी 'लो', स्त्रीलिंगी एकवचनी 'ला', अनेकवचनी 'लोस' आणि 'लास'. हा स्पॅनिश 'ला' आणि आपला 'ला' प्रत्यय यांचा आवाज सारखा असला तरी नातं काही नाही. स्पॅनिश 'ला' म्हणजे 'तिला' किंवा 'ती (वस्तू)', आणि तोही फक्त प्रत्यक्ष कर्म असताना.

यातलं लिंग मराठी माणसाला कळायला सोपं जातं. आपण 'मी पिशवी घेतली' म्हणतो आणि 'मी पेला घेतला' म्हणतो. म्हणजे भूतकाळात आपलं क्रियापद कर्माचं लिंग दाखवतं. स्पॅनिशमध्ये क्रियापद तसंच राहतं, 'कोंप्रे', आणि लिंग दाखवायचं काम सर्वनामाकडे जातं. पिशवी, म्हणजे 'ला बोल्सा' (नामाआधीचे 'एल' आणि 'ला' ही सर्वनामं नव्हेत, इंग्रजी 'द'सारखी उपपदं), असेल तर 'ला कोंप्रे'. पेला, म्हणजे 'एल बासो', असेल तर 'लो कोंप्रे'. आपल्या 'घेतली' आणि 'घेतला' यांच्या शेवटी जे असतं, ते तिथे पुढे येऊन उभं राहतं.

यातून दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक सर्वनाम गाळण्याची. 'पुस्तक वाचलंस का?' या प्रश्नाला आपलं उत्तर असतं 'वाचलं'. कर्म पुन्हा सांगावं लागत नाही, कारण क्रियापदातून ते कळतं. त्याच सवयीने मराठी माणूस 'सी, लेई' म्हणून थांबतो आणि ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट वाटतं. उत्तर हवं 'सी, लो लेई'. ठरावीक, ओळखीच्या वस्तूबद्दल बोलताना सर्वनाम गाळता येत नाही. 'पेन हरवलं. शोधलं, मिळालं नाही' याचं स्पॅनिश करताना दोन्हीकडे 'लो' लागतो: 'लो बुस्के, नो लो एंकोंत्रे'. याला अपवाद अनिश्चित वस्तूंचा आहे. 'पाव आणलास का?' म्हणजे '¿कोंप्रास्ते पान?' असं विचारल्यावर 'सी, कोंप्रे' चालतं, कारण तिथे कुठला एक ठरावीक पाव नाही. प्रश्नात नामाआधी 'एल' किंवा 'ला' असेल तर उत्तरात सर्वनाम आलंच पाहिजे, एवढी खूण नवशिक्याला पुरते.

दुसरी चूक 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाबरोबर होते. 'मी पत्र वाचलं आहे' म्हणजे 'ला ए लेईदो', यातला 'ए' हे 'आबेर'चं रूप. पत्र, 'ला कार्ता', स्त्रीलिंगी आहे म्हणून कान 'लेईदा' मागतो, कारण मराठीत आपण 'चिठ्ठी वाचली आहे' असंच म्हणतो. पण इथे 'लेईदो' बदलत नाही. लिंग फक्त सर्वनामात.

लिंगाचे खड्डे आधीच ओळखून ठेवा. 'प्रोब्लेमा', 'मापा', 'इदियोमा', 'दीआ' हे शेवटी 'आ' असूनही पुल्लिंगी, म्हणून 'लो'. 'मानो', 'फोतो', 'मोतो' हे 'ओ'कारान्त असून स्त्रीलिंगी, म्हणून 'ला'. 'एल आग्वा' म्हणजे पाणी. त्याच्यापुढे 'एल' लागतो तो फक्त उच्चाराच्या सोयीसाठी, शब्द स्त्रीलिंगीच आहे, म्हणून 'ला बेबी', मी ते प्यायलो. आणि मराठी नपुंसकलिंग सोबत घेऊन जाऊ नका: आपलं घर नपुंसक, त्यांची 'कासा' स्त्रीलिंगी.

'लो'चा आणखी एक उपयोग आहे. एखादी वस्तू नव्हे, तर अख्खी गोष्ट किंवा विधान 'ते' म्हणून दाखवायचं असेल तर नेहमी 'लो'. 'नो लो से' म्हणजे मला ते माहीत नाही. 'लो एंतिएंदो' म्हणजे ते समजतंय.

पायरी 3: कोणता 'ला' द्वितीयेचा आणि कोणता चतुर्थीचा

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, इथे घाई करू नका.

मराठीत सजीव कर्माला 'ला' लागतो, निर्जीवाला बहुतेक वेळा लागत नाही. 'मी घर पाहिलं', पण 'मी आनाला पाहिलं' (आना हे मुलीचं नाव). स्पॅनिशमध्येही हेच चालतं: 'बी ला कासा', पण 'बी आ आना'. माणसापुढे 'आ' येतो. इंग्रजी मातृभाषेच्या लोकांना हा 'आ' शिकायला महिने लागतात, आपल्याला तो आधीपासून येतो. धोका एवढाच की 'आ' दिसला म्हणजे अप्रत्यक्ष कर्म, असं वाटायला लागतं. तसं नाही. 'बी आ आना' मधली आना प्रत्यक्ष कर्मच आहे, सर्वनाम 'ला': 'ला बी'.

मग ओळखायचं कसं? माणूस काढून त्या जागी निर्जीव वस्तू ठेवा आणि 'ला' टिकतो का ते बघा.

'मी मुलाला उचललं.' मुलाऐवजी पिशवी: 'मी पिशवी उचलली.' 'ला' गळला. म्हणजे तो द्वितीयेचा होता, प्रत्यक्ष कर्म. स्पॅनिशमध्ये 'लो'.

'मी मुलाला खाऊ दिला.' मुलाऐवजी झाड: 'मी झाडाला पाणी दिलं.' 'ला' टिकला. म्हणजे चतुर्थी, अप्रत्यक्ष कर्म. स्पॅनिशमध्ये 'ले'.

'मी मित्राला बोलावलं', 'मी रिक्षा बोलावली': गळला, म्हणून 'लो यामे'. 'मी आनाला शोधलं', 'मी किल्ली शोधली': गळला, म्हणून 'ला बुस्के'.

अप्रत्यक्ष कर्मासाठी दोनच रूपं: एकवचनी 'ले', अनेकवचनी 'लेस'. यांना लिंग नाही. 'त्याला दिलं' आणि 'तिला दिलं' दोन्ही 'ले दी'. 'तिला' म्हटलं की स्त्रीलिंग म्हणून 'ला' लावायचा मोह होतो, पण देणं, सांगणं, विचारणं, पाठवणं, लिहिणं, दाखवणं, समजावणं, शिकवणं या क्रियांत ती व्यक्ती 'ले'च घेते. 'ले दिहे' सांगितलं, 'ले प्रेगुंते' विचारलं, 'ले एस्क्रिबी' लिहिलं, 'ले एक्स्प्लिके' समजावलं.

पायरी 4: कसोटी जिथे फसते

वरची कसोटी तीन प्रकारांत चुकीचं उत्तर देते. हे प्रकार थोडेच आहेत, त्यामुळे पाठ करून टाका.

पहिला प्रकार: मराठीत नाम आणि 'करणे', 'देणे', 'मारणे' मिळून क्रिया होते ते. 'त्याला मदत केली', 'त्याला फोन केला', 'त्याला नमस्कार केला', 'त्याला आमंत्रण दिलं', 'त्याला मिठी मारली'. या वाक्यांत मदत, फोन, नमस्कार हीच कर्मं आहेत. प्रत्यक्ष कर्माची खुर्ची त्यांनी अडवली म्हणून माणूस चतुर्थीत गेला. स्पॅनिशमध्ये ही सगळी क्रिया एका क्रियापदात मावते, खुर्ची रिकामी राहते आणि माणूस तिच्यावर बसतो. म्हणून 'लो आयुदे', 'लो यामे', 'लो सालुदे', 'लो इंबिते', 'लो आब्रासे'. बाई असेल तर सगळीकडे 'ला'.

दुसरा प्रकार: मराठीत 'ला' नसलेलं पण स्पॅनिशमध्ये प्रत्यक्ष कर्म असलेलं. 'त्याची वाट पाहिली' म्हणजे 'लो एस्पेरे'. 'त्याच्याकडे पाहिलं' म्हणजे 'लो मिरे'. 'त्याचं ऐकलं' म्हणजे 'लो एस्कुचे'. 'तिच्यावर प्रेम करतो' म्हणजे 'ला किएरो'. आपल्या षष्ठीवर किंवा 'वर', 'कडे' या शब्दयोगी अव्ययांवर जाऊ नका.

तिसरा प्रकार: मराठीत 'चा', 'कडे', 'कडून', पण स्पॅनिशमध्ये 'ले'. शरीराचे अवयव आणि अंगावरच्या वस्तू यात येतात. 'बाळाचे हात धुतले' म्हणजे 'ले लाबे लास मानोस'. शब्दशः 'त्याला हात धुतले'. हात त्याचे आहेत हे 'ले'वरून कळतं, म्हणून 'सुस मानोस' म्हणायची गरज उरत नाही. 'माझं पाकीट चोरलं' म्हणजे 'मे रोबारोन ला कार्तेरा'. 'त्याच्याकडे पैसे मागितले' म्हणजे 'ले पेदी दिनेरो'. 'तिच्याकडून किल्ली काढून घेतली' म्हणजे 'ले किते ला याबे'. एखाद्याला देणं असो की एखाद्याकडून घेणं, ज्याच्यावर त्याचा परिणाम होतो तो 'ले'. वस्तूही 'ले' घेऊ शकते: 'ले पुसे साल आ ला सोपा', सूपमध्ये मीठ घातलं.

पायरी 5: आदरार्थी बहुवचन

आपण 'सरांना', 'आजोबांना', 'त्यांना' असं एका माणसाबद्दलही अनेकवचनात बोलतो. त्या ओघात 'मी सरांना पुस्तक दिलं' याचं 'लेस दी' होतं, आणि ऐकणारा विचारतो, किती सर होते? स्पॅनिशमध्ये आदर अनेकवचनाने दाखवत नाहीत. सर एकच असतील तर 'ले दी'.

समोरच्या आदरणीय व्यक्तीला 'तुम्हाला' म्हणताना तर जास्तच सांभाळावं लागतं. तिथे 'उस्तेद' येतो आणि त्याची सर्वनामं तृतीय पुरुषाची असतात. पुरुषाला 'उद्या तुम्हाला फोन करतो' म्हणायचं तर 'लो यामो मान्याना', बाईंना 'ला यामो मान्याना', आणि 'तुम्हाला ईमेल पाठवतो' म्हणायचं तर दोघांनाही 'ले'. नोकरीच्या ईमेलमध्ये ग्राहकाला चुकून 'ते' लिहिलं तर ते एकेरी होतं. लॅटिन अमेरिकेत अनेकांना उद्देशून 'उस्तेदेस' असतं, त्याची रूपं 'लोस, लास, लेस'.

पायरी 6: 'मला'चे दोन खाने

'मला चहा आवडतो' म्हणजे 'मे गुस्ता एल ते'. 'मला आंबे आवडतात' म्हणजे 'मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद चहाप्रमाणे आणि आंब्यांप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. 'ले गुस्ता' म्हणजे त्याला किंवा तिला आवडतं. 'ला गुस्ता' असं रूप नाही. 'मला वाटतं' म्हणजे 'मे पारेसे'. 'माझं डोकं दुखतं' म्हणजे 'मे दुएले ला काबेसा', इथे आपली षष्ठी आणि त्यांची चतुर्थी. काही मराठी माणसं 'माझं डोकं मला दुखतं' असं म्हणून मग स्पॅनिश करतात. पाठांतराला ती युक्ती चांगली आहे.

इथे एक चूक खास आपली असते. 'मला ते आवडतं' या वाक्यात 'ते' आहे, म्हणून 'मे लो गुस्ता' तोंडातून जातं. पण या वाक्यात 'ते' कर्ता आहे, क्रियापद त्याच्याशी जुळतंय. स्पॅनिशमध्ये वस्तूरूपी कर्त्याला सर्वनाम लावत नाहीत, म्हणून फक्त 'मे गुस्ता'.

मात्र प्रत्येक 'मला' म्हणजे 'मे' नव्हे. 'मला कॉफी हवी' हे 'किएरो उन काफे'. 'मला माहीत आहे' हे 'लो से'. 'मला भूक लागली' हे 'तेंगो आंब्रे'. 'मला दिसतं' हे 'बेओ', 'मला समजलं' हे 'एंतेंदी'. यात मराठीतला 'मला' स्पॅनिशमध्ये 'यो' (मी) होऊन क्रियापदाच्या शेवटात मिसळतो. वहीचं एक पान दोन भागांत विभागा. डावीकडे 'मे' राहणारे 'मला': आवडणं, वाटणं, दुखणं, उरणं किंवा कमी पडणं, महत्त्वाचं वाटणं. उजवीकडे 'यो' होणारे: हवं असणं, माहीत असणं, भूक-तहान, दिसणं, ऐकू येणं, समजणं, येणं (पोहता येणं वगैरे). नवं क्रियापद भेटलं की त्याला योग्य बाजूला लिहा. हे पान या विषयातलं सगळ्यात उपयोगी पान ठरेल.

जोर द्यायचा असेल तर 'आ मी मे गुस्ता'. 'आ मी' गाळता येतं, 'मे' गाळता येत नाही. तसंच 'ले दी एल लिब्रो आ आना' यात आना आणि 'ले' दोन्ही येतात. दोनदा सांगितल्यासारखं वाटलं तरी बोलण्यात 'ले' असणं हेच सहज मानलं जातं. आणि आपण मराठीत नेहमी करतो तसं कर्म पुढे आणलं, 'हे पुस्तक मी काल घेतलं', तर प्रत्यक्ष कर्मालाही जोडीदार लागतो: 'एस्ते लिब्रो लो कोंप्रे आयेर'.

पायरी 7: दोन सर्वनामं एकत्र

'मला ते देतो' म्हणजे 'मे लो दा'. 'तुला ते सांगतो' म्हणजे 'ते लो दिगो'. 'आम्हाला ती पाठवते', ती म्हणजे चिठ्ठी, हे 'नोस ला मांदा'. शब्दामागे शब्द आपलाच क्रम आहे: आधी कोणाला, मग काय, मग क्रियापद.

फक्त एका ठिकाणी रूप बदलतं. 'त्याला ते दिलं' याचं 'ले लो दी' होत नाही. 'ले' किंवा 'लेस' यांच्यानंतर 'लो, ला, लोस, लास' यांपैकी काही आलं की त्यांचा 'से' होतो: 'से लो दी'. जुन्या स्पॅनिशमध्ये इथे 'गेलो' असं लिहीत, त्यातल्या पहिल्या अक्षराचा उच्चार पुढे बदलत 'से'जवळ आला आणि तो रूढ झाला. म्हणजे हा 'से' स्वतःला या अर्थाच्या 'से'हून वेगळा, मुळातला 'ले'च.

'से' झाल्यावर तो एक की अनेक, पुरुष की बाई, काहीच कळत नाही. संदर्भातून उलगडत नसेल तर शेवटी जोडा: 'से लो दी आ एया' तिला, 'से लो दी आ एयोस' त्यांना. लॅटिन अमेरिकेत अनेक जण 'त्यांना ते सांगितलं' यासाठी 'से लोस दिहे' म्हणतात. तिथे 'लेस'चं अनेकवचन 'लो'वर जाऊन बसलं आहे. ऐकून गोंधळू नका, पण परीक्षेत 'से लो दिहे' लिहा.

सरावाला एकच वाक्य घ्या आणि टप्प्याटप्प्याने आकसवा. 'कार्लोस ले दा एल लिब्रो आ आना.' मग आना काढा: 'ले दा एल लिब्रो'. मग पुस्तक काढा: 'से लो दा'. आता पुस्तकाच्या जागी किल्ल्या, 'लास याबेस': 'से लास दा'. असं दहा नामांनी केलं की 'ले लो' तोंडात येणं थांबतं.

पायरी 8: सर्वनाम मागे कधी जोडायचं

क्रियापद कालदर्शक रूपात असेल तर सर्वनाम आधी. पुढच्या तीन ठिकाणी ते शेवटी चिकटून एकच शब्द होतो. मूळ रूपाला: 'बेर्लो', ते बघणं. चालू क्रियेच्या रूपाला: 'कोमिएंदोलो'. आणि होकारार्थी आज्ञेला: 'दामेलो', मला ते दे.

दोन क्रियापदं असतील तर दोन्ही टोकं चालतात. 'किएरो बेर्लो' किंवा 'लो किएरो बेर'. 'एस्तोय कोमिएंदोलो' किंवा 'लो एस्तोय कोमिएंदो'. मध्ये मात्र कधीच नाही: 'किएरो लो बेर' ही चूक. 'आय के' बरोबर फक्त मागे: 'आय के आसेर्लो', ते करायला हवं.

आज्ञा नकारार्थी झाली की सर्वनाम पुन्हा पुढे येतं. 'दामेलो', पण 'नो मे लो देस', मला ते देऊ नकोस. 'कोंप्रालो', पण 'नो लो कोंप्रेस'. या जोड्या नेहमी जोडीनेच पाठ करा.

गोव्यात ज्यांच्या कानावर पोर्तुगीज पडलेली आहे त्यांना इथे थोडं उलट शिकावं लागतं. पोर्तुगालच्या पोर्तुगीजमध्ये साध्या होकारार्थी वाक्यातही सर्वनाम क्रियापदामागे जोडतात. स्पॅनिशमध्ये तिथे ते पुढेच.

लिहिताना आघातचिन्ह विसरू नका. सर्वनाम जोडल्याने शब्द लांबतो, पण जोर मूळ जागीच राहतो, तो चिन्हाने दाखवावा लागतो. मूळ रूपाला एक सर्वनाम जोडलं तर चिन्ह नाही, दोन जोडली तर आहे. 'कोमिएंदोलो' सारख्या रूपाला एकातही आहे. एकाक्षरी आज्ञेला एक जोडलं तर नाही ('दामे', 'दीमे'), दोन जोडली तर आहे ('दामेलो'). 'कोंप्रालो' सारख्या दोनाक्षरी आज्ञेला एकातही आहे.

'से मे कायो'

'माझ्या हातून पेला पडला' याला 'से मे कायो एल बासो'. पेला कर्ता, 'से' आपसूक घडल्याचा, आणि 'मे' ज्याच्या हातून घडलं तो. 'से मे ओल्बिदो' म्हणजे माझ्या लक्षातून गेलं. 'से' नेहमी पहिला असतो, 'मे से' असा क्रम चूक. आपल्या 'हातून' या शब्दात जी जबाबदारी सौम्य होते, तीच इथे होते. एवढं ओळखता आलं तरी सुरुवातीला पुरे.

स्पेनमध्ये ऐकू येणारी वेगळी रूपं

स्पेनच्या बऱ्याच भागात पुरुषाबद्दल 'लो बी' ऐवजी 'ले बी' म्हणतात. 1713 साली स्थापन झालेली स्पॅनिश राजअकादमी एका पुरुषापुरता हा 'ले' मान्य करते. बाईसाठी, वस्तूसाठी किंवा अनेकवचनासाठी तसं करणं तिला पसंत नाही. माद्रिद आणि आसपास 'तिला सांगितलं' यासाठी 'ला दिहे' ऐकू येईल, ते प्रमाण मानलं जात नाही. नवशिक्याने 'लो बी' धरावं, कारण ते सगळीकडे बरोबर आहे. अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' म्हणतात, पण त्याचं सर्वनामही 'ते'च असतं, तिथे नवं काही शिकावं लागत नाही.

तीन आठवड्यांचा सराव

रोज 15 मिनिटं पुरतात, पण मोठ्याने बोलून. पहिल्या आठवड्यात फक्त 'लो, ला, लोस, लास': घरातल्या 20 वस्तूंची नावं घ्या, प्रत्येकीबद्दल एक प्रश्न आणि सर्वनामासह उत्तर. दुसऱ्या आठवड्यात 'ले, लेस' आणि पायरी 4 चे तीन प्रकार, रोज 5 क्रियापदं. 'मला'चं पान याच आठवड्यात सुरू करा. तिसऱ्या आठवड्यात जोडसर्वनामं आणि आज्ञा. दुसरा आठवडा संपायच्या आधी 'से लो'ला हात लावू नका. 'लो' आणि 'ले' यांची निवड पक्की नसताना 'से' शिकला की आधीचंही डळमळतं.

तपासण्यासाठी काही वाक्यं. आधी स्वतः करा, मग उत्तर बघा.

'चिठ्ठी मिळाली का? हो, मिळाली.' उत्तर: 'सी, ला रेसिबी'. 'ला' गाळला असेल तर पायरी 2 पुन्हा.

'मी आजोबांना फोन केला.' उत्तर: 'लो यामे'. 'ले' आला असेल तर मराठीतल्या 'फोन'ने खुर्ची अडवली. 'लोस' आला असेल तर आदरार्थी बहुवचनाने.

'मी बाईंना प्रश्न विचारला.' उत्तर: 'ले ईसे उना प्रेगुंता'. मग 'तो मी त्यांना विचारला': 'से ला ईसे'. प्रश्न मराठीत पुल्लिंगी, 'प्रेगुंता' स्त्रीलिंगी.

'आम्हाला ते सांगू नकोस.' उत्तर: 'नो नोस लो दिगास'.

'ती गाणी मला आवडतात.' उत्तर: 'मे गुस्तान'. 'मे लास गुस्तान' नाही.

'मुलाचे केस कापले.' उत्तर: 'ले कोर्ते एल पेलो'.

'मला त्याची वाट पाहायला हवी.' उत्तर: 'तेंगो के एस्पेरार्लो'. इथला 'मला' उजव्या बाजूचा, आणि 'त्याची' प्रत्यक्ष कर्म.

'किल्ल्या तिला दे.' उत्तर: 'दासेलास'. तिला 'ले', त्याचा 'से', किल्ल्या 'लास', होकारार्थी आज्ञा म्हणून दोन्ही मागे, दोन सर्वनामं जोडली म्हणून लिहिताना 'दा'वर आघातचिन्ह.